त्या दिवशी नारळ फोडला नाही

आमच्या आळीतल्या संदेशला लग्नाच्या शूटिंगला बोलवायचं, तर एक नारळ आधीच बाजूला काढून ठेवावा लागे. मांडवात पिवळे बल्ब, अंगणात ऊन, आत ट्यूबलाइट. उजेड बदलला की हा फोडलेल्या नारळाचं पांढरं भकल कॅमेऱ्यासमोर धरून व्हाइट बॅलन्स लावत बसणार. भटजी ताटकळत उभे. "पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला एकदा दाखवलं, की बाकीचे रंग खोटं बोलत नाहीत," असं वर आम्हालाच ऐकवणार. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. मोबाइलच्या जमान्यात त्याला कोणी बोलवेनासं झालं आणि आमची टिंगलही बंद पडली.

गेल्या वर्षी शेजारच्या येसूकाकीला कावीळ झाली. साधी नव्हे, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचा एकुलता एक मुलगा गौरव बोटीवर नोकरीला. त्याने संदेशला मेसेज केला, "दादा, फोनवर आई कधी पिवळी दिसते, कधी बरी. तुझ्या कॅमेऱ्यात रंग खरा येतो. तू काढून पाठव. बघून ठरवतो, यायचं की नाय."

संदेश कॅमेरा आणि नारळ घेऊन गेला. काकीने त्याचा हात धरला.

"नारळ फोडू नको रे बाबा. मला अशी बघितलंन तर नोकरी सोडून येल तो. किती खटपटीनं लागलाय. मला चांगली दाखव."

"काकी, असं कसं करू?"

"कर रे. माझं काय आता."

त्याला नाही म्हणवेना. त्याने स्वयंपाकघरातलं हळदीने पिवळं पडलेलं फडकं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि हेच पांढरं, असं कॅमेऱ्याला पटवलं. काकीच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा उतरला. ती हसून बोलली, "मी बरी हाय. सावकाश ये."

गौरवचं उत्तर आलं, "आई मस्त दिसते. आता कॉन्ट्रॅक्ट पुरं करूनच येतो."

तो आला तेव्हा काकी नव्हती.

गौरव संदेशच्या फोटोच्या दुकानात आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. फडक्याची गोष्ट संदेशने स्वतःच त्याला सांगितली. गौरवने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "दादा, आई खरी कशी दिसत होती, तेवढं दाखव."

संदेश कॉम्प्युटरवर रंग मागेपुढे सरकवू लागला. काकीचा चेहरा पिवळा झाला, फार पिवळा झाला, परत उतरला. खरं पांढरं कुठलं धरायचं? डोळ्यांतलं पांढरंसुद्धा तिचं पिवळं पडलेलं होतं. मला संदेशचा राग आला आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

"एवढी होती?" गौरवने विचारलं.

"जरा जास्त. नाय, थांब... एवढी नसल."

"मग किती?"

संदेशने माउसवरचा हात काढून घेतला. "नाय सांगता येत रे."

गौरव खुर्ची ओढून पडद्याजवळ बसला. पडद्यावर काकी हसून सांगत होती, "सावकाश ये."