आधी बसवायचं, मग सांगायचं

आधी माफी मागतो. या पुरवणीत जाणती माणसं मोठ्या माणसांविषयी लिहितात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते मंचरला एसटी स्टँडासमोर एसटीडीचं बूथ चालवत होते. त्यांच्यावर लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हेही मला नीट ठाऊक नाही. शिवाय मी अजून रागात आहे. गेलेल्या माणसाविषयी रागाने लिहू नये म्हणतात. पण पाच आठवडे झाले, राग कमी झालेला नाही. तेव्हा आहे तसंच लिहितो.

एम.ए.चा दुसरा पेपर देऊन पुण्यात कॉलेजच्या फाटकाबाहेर आलो आणि मोबाइल चालू केला. घोडेगावच्या एका वर्गमित्राचा मेसेज आलेला होता. ‘मामा ऑफ झाल्याचं कळलं. टेक केअर.’ मी तो तीनदा वाचला. दिवा ऑफ होतो, पंखा ऑफ होतो. माझे मामा ऑफ झाले होते आणि मी काळजी घ्यायची होती.

मामेभाऊ प्रवीणला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, मंडेलाच झालं. तुझे पेपर होते ना, म्हणून डिस्टर्ब केलं नाही. प्रॅक्टिकल विचार केला. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते बघ.” त्या दिवशी गुरुवार होता. सोमवारी संध्याकाळी मीच फोन केला होता, तेव्हा हाच प्रवीण म्हणाला होता, “स्टेबल आहेत. टेन्शन घेऊ नको.” नंतर हिशेब लागला, तेव्हा मामांना जाऊन चार तास झाले होते. स्टेबल! मेलेल्या माणसाइतकं स्थिर दुसरं काय असतं?

हे सगळं माझ्या मामांच्या बाबतीत घडावं, म्हणून राग जास्त येतो.

अकरावीला मी मंचरला त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा बूथ जोरात होतं. कांद्या-बटाट्याचे व्यापारी भाव विचारायला रांग लावत. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर फोन नव्हते, त्यामुळे कुणाचा काही निरोप असला की तो मामांच्या नंबरावर यायचा. त्यात मरणाचेही निरोप असत. बूथच्या कोपऱ्यात एक बुटकं लाकडी स्टूल होतं, शेजारी पाण्याचा माठ. ज्याच्या घरची बातमी असेल त्याला मामा आधी त्या स्टुलावर बसवायचे, पाणी द्यायचे, मग सांगायचे. कोण, कवा, कसा. तेवढंच. त्यानंतर स्वतः गप्प बसायचे. माणूस लांब असेल तर शटर ओढून सायकलवर त्याच्या घरी जायचे, पण तिथंही आधी बसवणं आणि पाणी चुकायचं नाही.

एकदा भोसरीच्या कुठल्याशा कारखान्यातून साहेबाचा फोन आला. मी समोरच होतो. वर डोंगरातल्या आहुप्याकडच्या एका पोराचं नाव सांगून साहेब म्हणाला, “छोटासा प्रॉब्लेम झालाय.”

“प्रॉब्लेम गनितात असतो सायेब,” मामा म्हणाले. “पोरगा जित्ता हाये का मेला?”

“अहो, असं डायरेक्ट कसं... तुम्ही फक्त सिरियस आहे म्हणून सांगा. सहकार्य करा.”

“म्हंजी मेला.”

पलीकडून फोन ठेवला गेला. त्या पोराचे वडील, धोंडूबाबा, त्या दिवशी हिरडा विकायला बाजारात आलेले होते. मामांनी त्यांना शोधून आणलं, बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. म्हातारा बराच वेळ हातातल्या रिकाम्या पोत्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “मंग तिलाबी आनाया पायजे. तिच्याबगर कसा जाऊ?” मामांनी ओळखीच्या जीपवाल्याला वर पाठवून म्हाताऱ्याच्या बायकोला खाली आणवलं. दोघं मिळून भोसरीला गेले. नुसतं ‘सिरियस’ ऐकून म्हातारा एकटाच निघाला असता आणि त्या आईला मुलाचं तोंड दिसलं नसतं. ही गोष्ट मी प्रवीणलाही ऐकवली आहे. तो म्हणाला, “तो जमाना वेगळा होता.”

नातेवाइकांना मामांचं हे वागणं खपायचं नाही. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, छप्पन सालाआधी गावाच्या हुकमानं मयताचे सांगावे घेऊन गावोगाव पायी जात. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी ते काम टाकलं ते कायमचं. “बापानं टाकलेलं तू परत उचललंस? लाज न्हाई वाटत?” एका लग्नात मामांच्या चुलत्यांनी त्यांना भर मांडवात विचारलं. मामा हसले नाहीत. म्हणाले, “बाप उंबऱ्याबाहेर उभा ऱ्हाऊन वरडायचा. भाकर वरून टाकायचे त्याला. मी ल्हान व्हतो, त्याच्याबरूबर जायचो, म्या बघितलंय. आता लोक माज्या दुकानात येत्यात, माज्या स्टुलावर बसत्यात, माज्या हातचं पानी पेत्यात आन् मग बातमी ऐकत्यात. ह्यो सांगावा न्हाई. ह्याला हुकूम न्हाई.”

त्या स्टुलाकडे मी त्या दिवसापासून नीट बघायला लागलो.

मग मोबाइल आले. बूथवरची गर्दी आटली, प्रवीणने तिथे रिचार्जची कूपनं लावली. मीही पुण्याला गेलो आणि नवी भाषा शिकून आलो. दिवाळीच्या सुट्टीत मी बोलायला लागलो की मामा मामीला हाक मारायचे, “अगं, एक ताट जादा वाढ. ह्याच्यासंगं बेसिकली नावाचा पावना आलाय, मघापासून त्याचंच नाव घेतोय.” मीही हसायचो. तेव्हा राग यायचा नाही... तो आता येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येतो. कारण पुढचं सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

मामा जाण्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. पोटाच्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टर म्हणाले होते, “ट्रीटमेंटला रिस्पॉन्स बघू.” प्रवीण म्हणाला होता, “नॉर्मल आहे.” मामांनी मला बोलावून घेतलं. घरात इंग्रजी वाचणारा मीच. बूथमध्ये दुपारी दोघंच होतो. त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. मग उठले, माठातून पेला भरला, पाणी प्यायले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

“हां. सांग.”

मी वाचलं. मला कळलं. शेवटच्या पानावर तो शब्द स्पष्ट होता. आणि मी म्हणालो, “काही नाही मामा. पॉझिटिव्ह राहायचं फक्त.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी पानी पिऊन बसलोय रे,” एवढंच म्हणाले. मी फाइलची पानं परत चाळू लागलो. मग त्यांनी फाइल घेतली, बंद केली आणि स्टूल पुन्हा कोपऱ्यात सरकवलं. आमची ती शेवटची भेट.

एवढ्या वर्षांत शेकडो माणसांना त्यांनी खरं सांगितलं. त्यांना स्वतःला ऐकायचं होतं, तेव्हा सांगणारा मी होतो आणि मी त्यांना गुळगुळीत शब्द दिला. हे शब्द दयेचे नाहीत. समोरच्याचं रडणं आपल्याला बघावं लागू नये म्हणून आपण ते वापरतो. प्रवीणवर रागवायचा मला किती हक्क आहे, हेही आता कळत नाही. त्याने सोमवारी माझ्याशी जे केलं, तेच मी मामांशी आधी केलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मामांच्या श्रद्धांजलीच्या सभेला, चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मामांच्या फोटोपेक्षा मित्रमंडळाच्या अध्यक्षाचा फोटो मोठा होता. माईकवर एक पुढारी म्हणाले, “कम्युनिकेशन क्षेत्रातलं मोठं व्यक्तिमत्त्व हरपलं, कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली.” मामा असते तर म्हणाले असते, “पोकळी मोजून तरी बघा राव.” मी उठून काही बोलावं असं फार वाटलं. पण मी बोललो नाही. मला सभेत बोलता येत नाही... म्हणून हे लिहितो आहे.

पण राहून राहून आठवतो तो त्याआधीचा गुरुवारच. मेसेज वाचून मी तसाच मंचरला आलो होतो. एसटीत मला रडू आलं नाही. मामा गेले हे मला माहीत होतं, पण कुणी मला ते सांगितलेलं नव्हतं. बूथचं शटर अर्धं वर होतं. बाहेर खुर्च्यांवर बसलेली माणसं मला बघून उठली, खांद्यावर हात ठेवू लागली. “स्ट्राँग राहा.” “ॲक्सेप्ट करायला लागतं.” मी मान हलवत आत गेलो.

आत मामी एकट्याच होत्या. माझ्या गळ्यात पडल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पदराने पुसलं.

“बस.”

मी बसलो. त्यांनी माठातून पेला भरून दिला. मी सगळं पाणी संपवेपर्यंत त्या उभ्याच होत्या. मग समोर जमिनीवर बसल्या आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

“तुझे मामा वारले. सोमवारी, दुपारी दोन वाजता. पोटात लई दुखत व्हतं. पानी मागितलं, दोन घोट घेतले आन् गेले. तुझं नाव न्हाई घेतलं बाळा. कुनाचंच न्हाई घेतलं.”