दांड्याची सायकल

सुमनबाई पोहोचल्या तेव्हा लक्ष्मम्माच्या अंगणात बायका जमल्या होत्या. बाळंतपणाचा सांगावा सकाळीच आला होता, पण मेहकरहून अडीच कोस पायी तुडवत येईतो दुपार कलली. मूल आडवं आलं होतं. लक्ष्मम्मा आणि मूल, दोन्ही गेली होती. एका म्हातारीनं पाणी दिलं आणि सांगितलं, घटकाभरापूर्वीपर्यंत ती तुमचीच वाट बघत होती. परतताना सुमनबाई कुठंच टेकल्या नाहीत. सायकल घ्यायची, हे त्या वाटेवरच ठरलं.

हे त्रेपन्न सालचं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांचा नवरा बाजाराला म्हणून गेला तो परत आलाच नाही. प्रेतसुद्धा मिळालं नाही. दोन वर्षं वाट बघून त्या गुलबर्ग्याला सुईणीचं काम शिकायला गेल्या आणि नेमणुकीवर मेहकरच्या दवाखान्यात आल्या. आसपासची सहा गावं त्यांच्याकडे होती. शिवाय महिन्यातून एकदा भालकीला जाऊन औषधं आणायची.

दीर श्रीपतरावांना सायकलीचं कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, कपाळ मोकळं झालेल्या बाईनं चाकावर हिंडणं शोभत नाही. घ्यायचीच तर निदान बायकांची तरी घ्या.

बिदरला भीमण्णाच्या दुकानात पहिल्यांदा तीच निघाली. मधला दांडा नाही, साखळीवर पुरतं झाकण, मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी. हिरवी, देखणी. सुमनबाईंनी आपली पत्र्याची पेटी बरोबर आणली होती. ती कॅरिअरवर बांधून द्या आणि खराब रस्त्यावर चालवून बघा, असं त्यांनी सांगितलं. भीमण्णा नौबादच्या वाटेला जाऊन आला. माणूस खरा होता.

"खड्ड्यात मागचं अंग डुलायलंय, अक्का," तो म्हणाला. "गावात फिरायला झ्याक हाय. तुमच्या वाटंला वरीसभरच टिकंल."

मग त्यानं साधी काळी सायकल काढली. दांड्याची, रुंद टायरांची, जाड कॅरिअरची. सुमनबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून बघितली, कारण ओढ्यात ती खांद्यावर घ्यावी लागणार होती. जड होती, पण उचलली. काळी माती चाकात बसू नये म्हणून मडगार्ड जरा वर घ्यायला त्यांनी सांगितलं, सीट खाली करून घेतली, आणि शोभेचा आरसा काढून त्याजागी पंप व जादा ट्यूब मागितली. बाभळीचे काटे त्यांना ठाऊक होते.

"दांड्यावरून पाय टाकावा लागंल," भीमण्णा खाली बघत म्हणाला.

"माझं लुगडं कासोट्याचं हाय," त्या म्हणाल्या. "हीच द्या."

पंधरा दिवस त्या खळ्यावर शिकल्या. गुडघे फुटले, कोपर सोललं. पण पुढच्या सुगीपर्यंत चार अवघड बाळंतपणांना त्या वेळेवर पोहोचल्या आणि चारही बायका जगल्या. त्याची कुठं चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती दांड्यावरून पाय टाकणाऱ्या विधवेची.

ओढ्यापलीकडच्या वाडीत गुरुपादय्यांचा शब्द चाले. त्यांची सून बसव्वा पहिलटकरीण होती. त्यांनी निरोप धाडला, की वाडीत यायचं तर चालत या, सायकल शिवेवर ठेवा. सुमनबाईंनी कबूल केलं. अब्रूपेक्षा बाई महत्त्वाची, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

कळा सुरू होऊन दीड दिवस झाला तरी बोलावणं आलं नाही. आलं ते बसव्वाची शुद्ध हरपायला लागल्यावर. सुमनबाई शिवेवर आल्या. तिथून वाडी पाव कोस. त्या उतरल्या, सायकल बाभळीला टेकवली, पेटी सोडायला लागल्या. मग लक्ष्मम्माचं अंगण डोळ्यांपुढं आलं आणि त्या पुन्हा सायकलीवर बसल्या, ते थेट गुरुपादय्यांच्या दारात उतरल्या.

गुरुपादय्या उंबऱ्यात उभे राहिले. शब्द मोडला, म्हणाले. ते हलेनात. आतून त्यांची बायको मल्लम्मा आली, तिनं सुमनबाईंचं मनगट धरलं आणि आत ओढलं.

मूल मेलेलंच निघालं, मुलगा. त्याला जाऊन बराच वेळ झाला होता. बसव्वा वाचली. पण वाडीत ठरलं ते वेगळंच: सायकल दारात आली आणि घराचा दिवा विझला. त्या दिवसापासून वाडीतून सांगावा येणं बंद झालं. त्या पावसाळ्यात तिथं दोन बायका बाळंतपणात गेल्या. सुमनबाईंना ते बाजाराच्या दिवशी, भाजी घेताना कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात मल्लम्मा दवाखान्यात आली. बसव्वाला पुन्हा दिवस गेले होते.

"तुमाला बलवू देणार न्हाईत," ती म्हणाली. "काय करायचं ते मलाच शिकवा."

सुमनबाईंनी तिला जमिनीवर बसवून शिकवलं. हात कसे धुवायचे, नाळ कापायचं पातं कसं उकळायचं. मल्लम्मा एकेक शब्द परत म्हणून दाखवत होती. मूल आडवं असलं तर तुम्ही काहीच करू नका, त्या म्हणाल्या, बैलगाडीत घाला आणि इकडं आणा.

"आन् गाडी न्हाई दिली तर?"

सुमनबाईंनी पातं फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

गाडी मिळालीच नाही. मल्लम्मानं दिवस भरायच्या आधीच सुनेला हाताला धरून दोन कोस चालवत आणलं. दवाखान्याच्या फरशीवर बसव्वाला मुलगी झाली, धडधाकट. नवरा बघायला आला नाही, गुरुपादय्या आले नाहीत. वीस दिवस बसव्वा दारातून वाट बघत राहिली. मग मल्लम्मा एकटीच आली आणि म्हणाली, चल, घरात ठेवतो म्हणलेत तुझे सासरे, तुझ्याशी बोलणार मात्र न्हाईत.

सुमनबाई त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेल्या. पलीकडं त्या गेल्या नाहीत.