लिंबू कुणाच्या हातावर

शिवाजी पेठेतल्या आकाराम वस्तादांना चौकशीचा भारी नाद. जत्रेत पाळणा आला की हे बसणार नाहीत, पण तो फिरवतंय कोण आणि इंजिन कुठं लपवलंय हे बघून आल्याशिवाय घरी जाणार नाहीत. दवाखान्यात डॉक्टर बेजार, बँकेत कॅशियर बेजार! चाळीस वर्षं तालमीत पोरापोरींना लाठी आणि दांडपट्टा शिकवला, तरी माणसाचं 'का' आणि 'कसं' काही संपलं नाही.

आता त्यांना नवाच प्रश्न पडला होता. त्यांची शिष्या तेजस्वी टीव्हीवरच्या कलेच्या स्पर्धेत निवडली गेली होती. बाप कागलच्या एमआयडीसीत कामाला, पोरगी आठव्या वर्षापासून वस्तादांच्या हाताखाली. टीव्हीवाल्यांनी तिला एक मेंटॉर दिला, म्हणजे मार्गदर्शक. कोण, तर सिनेमातला हिरो शर्विल! दर रविवारी तालमीत टीव्ही लागायचा. तेजस्वी पट्टा फिरवायची, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे, आणि शर्विल डोळे पुसत म्हणायचा, "मी हिला घडवतोय."

"घडवतोय म्हंजे काय करतोय गा त्यो?" वस्ताद विचारायचे.

"वस्ताद, तुमचं पोट दुखायलंय," केरबा म्हणायचा. केरबा त्यांचा जुना दोस्त, तालमीच्या दारातच त्याचं सायकलचं दुकान.

पोट दुखत होतंच, खोटं कशाला बोला! पण त्याहून जास्त कुतूहल होतं. तेजस्वी आधी बोलताना स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघायची. आता चारशे माणसांपुढं मान वर करून बोलत होती. हे वस्तादांनी तिला शिकवलं नव्हतं. मग त्या पठ्ठ्यानं कसं शिकवलं?

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त केरबाला ठाऊक. तेजस्वी मुंबईला गेली त्याच महिन्यात वस्तादांचे दोन्ही हात थरथरायला लागले होते. ते चहा अर्धाच कप मागायचे आणि पोरांपुढं हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. हात हलतोय असला वस्ताद कसला वस्ताद, ही भीती त्यांना आतून खात होती.

अशात टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. उपांत्य फेरीला गुरूंनी मुंबईला यायचं. वस्ताद गेले. कानाला बोलायचं यंत्र लावलेली टीव्हीवाल्यांची एक मुलगी धावत आली, "आजोबा, तेजस्वीला बघितलं की डोळ्यांत पाणी येऊ द्या हं."

"आलं न्हाय तर?"

"थेंब आहेत आमच्याकडे."

वस्तादांनी थेंबांची बाटली मागून घेतली, उजेडात धरून बघितली आणि वास घेऊन परत दिली. मग ते थेट शर्विलपुढं जाऊन उभे राहिले.

"पावणं, राग मानू नगा. हिला तुमी शिकवता तरी काय?"

शर्विलनं आधी माईक बंद आहे का बघितलं. "खरं सांगू? आठवड्यातून अर्धा तास भेटतो. पट्ट्यातलं मला काय कळतंय? भीती वाटली तरी मान वर ठेव, एवढंच सांगतो. मलापण वाटते ना, रोज."

गडी खरं बोलला. इतके दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या याची वस्तादांना लाज वाटली.

त्या दिवशीचा खेळ लिंबू कापायचा होता. एकानं तळहातावर लिंबू धरायचं, दुसऱ्यानं पट्ट्यानं त्याच्या दोन फोडी करायच्या, तळहाताला ओरखडा न येता. तालमीचा नेम एकच. धरणाऱ्याचा हात केसभर जरी हलला तरी पट्टा खाली, मग समोर कुणी का असेना.

लिंबू शर्विलनं धरलं. तेजस्वी पट्टा फिरवत जवळ आली, त्याच्या हाताकडं बघितलं आणि थांबली. "सर, हात हलतोय." पुन्हा दिवे, पुन्हा संगीत, पुन्हा तेच. दिग्दर्शक वैतागला. तेवढ्यात ती कानातल्या यंत्राची मुलगी ओरडली, "आजोबांनाच धरू दे ना! गुरू आणि शिष्या, काय मस्त दिसेल!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वस्ताद पेचात सापडले. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की चाळीस वर्षांची वस्तादकी संपली. हो म्हणावं तर तेजस्वी आपल्या मायेपोटी नेम मोडणार. पट्टा फिरला तर बोटं जातील आपली, पण पोरगी जन्मभर पट्टा हातात धरणार नाही. ही थांबेल का? आणि माणूस बघा कसा, त्या घडीलासुद्धा त्यांना ते बघायचंच होतं!

त्यांनी पाठीमागचा हात पुढं काढला. लिंबू तळहातावर डुगडुगायला लागलं.

तेजस्वी आली. तिनं लिंबाकडं बघितलं, मग वस्तादांच्या तोंडाकडं. तिचे डोळे भरून आले, पण मान काही खाली गेली नाही. चारशे माणसांपुढं खणखणीत आवाजात ती म्हणाली, "वस्ताद, हात हलतोय."

आणि पट्टा खाली केला.

"शाब्बास," वस्ताद म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. थेंबांच्या बाटलीवाली मुलगी नुसती बघत राहिली.

"कवापास्नं हाय हे?" तेजस्वीनं हळू विचारलं.

"तू गेल्यापास्नं."

"सांगितलं का न्हाईसा?"

"तू थांबतीस का न्हाय, ते बघायचं हुतं."

हे निम्मं खोटं होतं. पोरीलाही ते कळलं. तिनं त्यांच्या हातावरचं लिंबू उचललं, जमिनीवर ठेवलं आणि एका फटक्यात कापलं. मग एक फोड वस्तादांच्या हातात दिली आणि तो थरथरता हात सगळ्यांसमोर तसाच धरून उभी राहिली.