साडूभाऊंचं गोड भेव

माझ्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि कापाकापीच्या सिनेमांचा त्यांच्याइतका निष्ठावंत प्रेक्षकही सापडायचा नाही. धामणगाव बढ्याला त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी थोडंसं शेत. पाल दिसली की ते कापड बेतायच्या टेबलावर चढतात. बाहेर ट्रॅक्टरचं टायर फुटलं, तर टेप टाकून देऊन ज्याचं माप घेत असतील त्या गिऱ्हाइकालाच मिठी मारतात. दिवसभर सुई हातात धरणारा हा माणूस मोताळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नुसता कापूस भिजवला तेव्हाच खुर्चीवरून घसरला होता. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "सुई आपल्या हाती असली तं ठीक हाय, सर. दुसऱ्याच्या हाती कायले?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून ते मला सर म्हणतात.

असा हा माणूस दर रविवारी दुपारी दुकान बंद करून आतल्या टीव्हीवर एकच सिनेमा लावायचा. हिंदीत बोलणारा परदेशी सिनेमा, आणि तोही दुसरा भाग. पत्र्याचा मुखवटा घातलेला एक खुनी लाकूड कापायच्या कारखान्यात कुऱ्हाड घेऊन हिंडतो, एवढीच गोष्ट. पहिल्या भागात तो कारखान्यासकट जळून मेलेला असतो. दुसऱ्या भागात कसा जिवंत झाला ते कोणी विचारत नाही. उलट वीतभर उंच होऊन आलेला असतो. एखाद्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो की शेजारी बसून चुका काढायचो. कुऱ्हाड आत्ता उजव्या हातात होती, आता डाव्या हातात आली. मेलेल्या बाईचं पोट श्वासानं हलतंय. पोरीचं तोंड मिटलं तरी किंकाळी चालूच आहे. साडूभाऊ एकही चूक नाकारायचे नाहीत. उलट आपली भर घालायचे, "ते काहीच नाही, सर. पयल्या भागात त्याच्या कोटाले तीन बटनं होते, आता चार झाले. जळून मेल्यावर नवा कोट शिवून देला कोन?" एवढं बोलून होईपर्यंत पडद्यावर दार करकरायचं, आणि हेच गृहस्थ हाती लागेल तो अर्धवट शिवलेला कुडता तोंडावर ओढून बाहीच्या भोकातून एका डोळ्यानं पुढचं पाहायचे. तिथूनच नायिकेवर ओरडायचे, "पळू नोको, पोरी! पळते तेच पडते!" ती पळायची. पडायची. साडूभाऊ माझा गुडघा असा दाबायचे की सोमवारी मला शाळेचा जिना चढवत नसे.

"एवढं भेव वाटतं तर पाहता कशाला?" मी एकदा विचारलं.

"खोट्याचं भेव गोड असते, सर," ते म्हणाले. "अंगावर काटा येते, अन् मंग तुमची अक्का म्हणते, चहा घ्या." अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या शेताच्या बांधावर सीताफळं तोडायला गेलो. साडूभाऊंनी फळं बांधून आणायला खांद्यावर चादर घेतली होती. वाटेनं ते प्रत्येक झुडपाला दचकत होते आणि मी हसत होतो. बांधाच्या टोकाशी घाणेरीचं रान आहे. फळं तोडून बांधाखाली ढीग घातला होता, तेवढ्यात तिथून पाला तुडवल्याचा आवाज आला. मला वाटलं कोणाची म्हैस असेल. मग एक उग्र, ओलसर वास आला, आणि घाणेरीतून अस्वल बाहेर आलं. मागे पिल्लू. आमच्यात फार तर दहा पावलं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तेव्हा त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा आणि नखं मला एकदमच दिसली.

पोरांना वन्यप्राणी शिकवणारा मी पळालो. सोयाबीन सोंगून झालेलं होतं. खुंटात पाय अडकला आणि सीताफळांच्या ढिगाजवळ तोंडावर आपटलो. अडकलेला पाय सुटेना. मागे फुरफुर ऐकू येत होती, जवळ येत होती. साडूभाऊ रस्त्याच्या बाजूला होते. चार उड्यांत ते सुटले असते.

पण माझ्या कानाशी त्यांच्या चपला वाजल्या. मान वळवून पाहिलं तर ते माझ्यात आणि अस्वलात उभे, दोन्ही हातांनी चादर डोक्यावर ताणून धरलेली, आणि गळ्यातून अशी किंकाळी चाललेली की तशी मी त्या सिनेमातही ऐकली नव्हती. चादर थरथरत होती, पण खाली येत नव्हती. अस्वल थबकलं. एकदा हुंकारलं. मग पिल्लाला पुढं घालून डोंगराकडे वळलं. ते दिसेनासं झाल्यावर साडूभाऊ मागं न पाहता तोडलेल्या सीताफळांच्या ढिगातच बसले.

"तुम्ही पळाला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी पडले न," ते म्हणाले. बुडाखाली फुटलेल्या सीताफळांचा गर त्यांना अजून जाणवला नव्हता. "सिनेमात पोरगी पडते तवा कोनीच थांबत नाही. मले दरवेळी त्याचाच राग येते."

उन्हाळ्यात त्यांना तिसरा भाग मिळाला. मोठ्या हौसेनं मी गेलो. खुनी पुन्हा जिवंत झाला होता, मुखवटा या वेळी चक्क पुठ्ठ्याचा दिसत होता. मी चूक दाखवली; साडूभाऊंनी मान हलवली आणि मांडीवरच्या सदऱ्याची काजं करत राहिले. दार करकरलं तरी टाका चुकला नाही.

"भेव नाही वाटत?"

"नाही न, सर. हे पाहतो अन् ते अस्वलच आठवते. मंग हे खोटं खोटंच दिसते." सुईत नवा दोरा ओवत म्हणाले, "गेली ती मजा."

मला मात्र घाम फुटला होता. पुठ्ठ्याचा मुखवटा दिसत असूनही मी मागच्या दाराकडे पुन्हा पुन्हा पाहत होतो. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. सदरा बाजूला ठेवून ते उठले, भर दुपारी मागच्या दाराची कडी लावली आणि येऊन मला खेटून बसले.

"पाहा तुमी," ते हळूच म्हणाले. "मी आहो न."

मी पाहत राहिलो. इतका धीराचा माणूस शेजारी बसलेला असताना, माझे ते जुने भित्रे साडूभाऊ मला फार आठवले.