तापलेल्या डिस्कवर पाणी

आमची सून खराडीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ती ट्रॅकवर गाडी पळवते. ट्रॅक म्हणजे रस्ता नव्हे हो. शहराबाहेर माळावर केलेली वळणावळणाची वाट, समोरून कोणी येत नाही. आपली रोजचीच गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटं मनासारखी पळवायची. लोकांच्या सुना भिशीला जातात, आमची तिथे जाते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या मुलालाही वाटत नव्हतं, एका रविवारपर्यंत.

त्या रविवारी पाचव्या फेरीला तिने वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. गाडी गवतात जाऊन थांबली. लागलं कोणालाच नाही, पण मुलगा म्हणाला, "बास. हा शौक आता बंद." ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर थेट माझ्या दुकानात आली.

मांजरीच्या रस्त्यावर आमचं ब्रेकचं दुकान आहे. आमच्या ह्यांनी काढलं, उसाच्या ट्रकचे आणि ट्रॉल्यांचे ब्रेक करायला. मला कोणी शिकवलं नाही. डबा घेऊन यायची आणि ह्यांचं जेवण होईस्तोवर उघडी पडलेली चाकं बघत बसायची. पुढे ह्यांची पाठ गेली, तेव्हा पाने हातात घेतले, एवढंच.

सून म्हणाली, "आई, तुम्ही एकदा चेक करा ना. हे म्हणालेत, आई हो म्हणाली तरच जायचं."

आमचे हे कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "म्हंजे परत गवतात गेली तर सासूचं नाव. पोरगं हुशार हाय."

मी तिला एकच विचारलं, "पेडल मऊ पडलं, की कडक राहिलं आणि गाडी थांबेना?"

"मऊ. एकदम स्पंज."

निम्मं काम तिथेच झालं. पेडल कडक असून गाडी सरकत राहिली तर चाकाला दाबून धरणारे पॅड तापून हरलेत असं समजायचं. मऊ पडलं तर आतलं ब्रेक ऑइल उकळलंय. हे ऑइल हवेतला ओलावा पितं. दोन-तीन वर्षं तेच ठेवलं की त्यात पाणी मुरतं, चाकं तापली की त्या पाण्याची वाफ होते, आणि मग आपण दाबतो ती नुसती वाफ. ऑइलची डबी उघडली तर आत कोऱ्या चहासारखं काळं. चाकं खोलली तर पॅडही काचेसारखे गुळगुळीत. म्हणजे दोन्ही.

पॅड आणायला मी स्वतः नाना पेठेत गेले. दुकानदाराने जाड पुठ्ठ्याचा खोका पुढे सरकवला. "काकू, हे रेसचे. कितीही तापू द्या, हरायचे नाहीत."

"आणि गार असताना?"

"गार असताना... जरा सांभाळून."

"मग सिग्नलला पुढच्या रिक्षावाल्याला सांगू का, दादा थोडं थांबा, आमचे पॅड तापतायत?"

"काकू, आपण पॅड घ्यायला आलात की तोंडी परीक्षा घ्यायला?"

पण माझं चुकलं नव्हतं. गार तव्यावर भाकरी चिकटते, फार तापलेल्यावर करपते. पॅडचंही तसंच, प्रत्येकाची आपली आच. रेसच्या पॅडला सणसणीत आच लागते, तेव्हा कुठे ते धरतात. कंपनीतून गाडीबरोबर आलेल्यांना ती सोसत नाही. जी गाडी रविवारी पळणार आणि सोमवारी ऑफिसला जाणार, तिला मधले हवेत. ते घेतले, आणि उशिरा उकळणारं ब्रेक ऑइल घेतलं, सीलबंद डब्यातलं. फोडून ठेवलेला डबा फुकट दिला तरी घेऊ नये.

नवे पॅड लावले की लगेच पळवायचं नसतं, आधी रुळवायचे. पहाटे उसाच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर सून चालवायला आणि मी शेजारी. वेग धरायचा, दाबून कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा. मग बराच वेळ ब्रेकला पाय न लावता नुसतं वाऱ्यावर गार करायचं. तिने सगळं तंतोतंत केलं. स्वयंपाकघरात माझं इतकं ऐकत नाही.

पुढच्या रविवारी ट्रॅकवर मुलगाही आला, हाताची घडी घालून. मी सुनेला बजावलं, "ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळू नकोस. जोरात दाब, थोडाच वेळ, आणि सोडून दे. शेवटची फेरी सावकाश, म्हणजे वारा लागेल. आत आलीस की हॅण्डब्रेक ओढायचा नाही, तापलेला पॅड चिकटून बसतो. गिअरमध्ये ठेव, मी चाकाला दगड लावते."

वीस मिनिटं झाली. ती आली ती हसतच. "आई, पेडल सकाळी होतं तिथेच आहे!" मी दगड लावला. ती चहा घ्यायला गेली, मुलगा फोनवर होता. चाकातून तो तापलेल्या ब्रेकचा वास येत होता, जळक्या केसांसारखा. आणि माझ्या हाताने नको ते केलं. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांवर डबड्याने पाणी ओतायचं, हे मी जन्मभर बघत आले, ओततही आले. हातातली बाटली उजव्या पुढच्या चाकावर कधी रिकामी झाली, कळलंच नाही. चर्र झालं, वाफ उठली आणि मग मी भानावर आले.

डिस्क, म्हणजे चाकामागची ती तबकडी जिला पॅड दोन्हीकडून धरतात, बिडाची असते. बिडाचा तापलेला तवा नळाखाली धरू नये, हे मीच तिला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलेलं.

गार झाल्यावर चाकाच्या फटीतून बोट घातलं. नख अडकलं. केसाएवढी चीर.

कोणी पाहिलं नव्हतं. दुसरी पाळी अर्ध्या तासावर. डिस्क तेवढी टिकलीही असती कदाचित. मी सांगितलं तर हिची गाडी आजच काय, कायमची बंद व्हायची; नाही सांगितलं तर... ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

"आता जायचं नाही," मी दोघांना बोलावून सांगितलं. "डिस्कला चीर गेलीय. मीच पाणी ओतलं."

मुलगा म्हणाला, "आई, तू? कारवाल्या गिऱ्हाइकांना ह्याच्यावरून बोलणी ऐकवणारी तू?"

"हो, मी. आता ऐकव मला बोलणी."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. मग ती म्हणाली, "आई, आधी चहा घ्या. गाडीचं मग बघू."

गाडी टोइंगवाल्याच्या ट्रकवर चढून घरी आली. ह्यांनी दारातून पाहिलं आणि म्हणाले, "लई भारी ब्रेक केले. गाडी जागची हालंनाच."

तिसऱ्या दिवशी मुलगा जेवताना म्हणाला, "नव्या डिस्क कधीपर्यंत मिळतील?" सुनेने वाढता वाढता हात थांबवला. मी म्हणाले, "शनिवारपर्यंत. पण दोन्ही बाजूंच्या बदलायच्या, एक नाही." तो म्हणाला, "दोन्ही बदल. वेळ आली की तू तिला थांबवतेस, मग मला चालतंय."

महिन्याने परत गेलो. निघताना सुनेने विचारलं, "आई, शेजारी बसता?" तिथे शेजारी कोणी बसलं तर चालतं, फक्त हेल्मेट हवं. हेल्मेट काही केल्या माझ्या अंबाड्यावरून खाली येईना. मुलगा वरून दाबतोय, सून हसतेय. शेवटी मी पिना काढून मुलाच्या हातात दिल्या, साठी उलटल्यावर चारचौघांत केस मोकळे सोडले, आणि बसले.

पहिल्या मोठ्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला. पट्टा छातीत रुतला, गाडीने नाक खाली घातलं आणि सांगितल्यासारखी हळू झाली. सातव्या फेरीलाही तशीच. मी तिच्या पायाकडे बघायचं सोडून दिलं आणि बाहेर बघायला लागले. कुंपणाशी मुलगा उभा होता, मुठीत माझ्या पिना घेऊन.