चार पाव्यांच्या सिस्टर

सिस्टरांच्या काखेत कायम पावा असायचा. हिवाळ्यात भाजी आणायला निघाल्या तरी स्वेटरच्या आत, पेशंटला थर्मामीटर लावावा तसा, एक लाकडी पावा दाबलेला. गल्लीतली पोरं ‘काखेत कळसा’ म्हणून चिडवायची. सिस्टर चिडत नसत. उलट चिडवणाऱ्यालाच उभं करून समजावत, की लाकूड गार असलं की फुंकरीची वाफ आत पाणी धरते आणि आवाज घोगरा होतो, म्हणून त्याला अंगाची ऊब द्यायची. हे व्याख्यान एकदा ऐकलेलं पोरगं पुन्हा त्यांच्या वाटेला जायचं नाही.

नगरच्या एका मिशन दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, म्हणून सिस्टर. निवृत्तीनंतर पारनेरला आमच्या गल्लीत राहायला आल्या. त्यांच्या तरुणपणी दवाखान्यात एक स्पॅनिश मेट्रन होती. ती रेकॉर्डर वाजवायची. रेकॉर्डर म्हणजे तोंडाशी शिट्टीसारखी खाच असलेला, उभा धरून फुंकायचा पावा. मायदेशी परतताना तिने जुन्या घडणीचे लहानमोठे चार पावे सिस्टरांच्या पदरात टाकले. सोबत स्पेन, इटली आणि त्या भूमध्य समुद्राकाठची शेकडो वर्षांपूर्वीची गाणी. सिस्टरांनी समुद्र पाहिला होता तो फक्त मुंबईचा, तोही ओहोटीचा. पण गाण्यांबद्दल बोलायच्या अशा, जणू माहेर तिकडचं. “अहो, हे लग्नातलं आहे, रडत काय वाजवताय?” असं पुढे आम्हा शिकणाऱ्यांना दटावायच्या.

माझा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. एका नाताळाला चर्चच्या हॉलमध्ये स्पीकर लावायला गेलो, तर या बाईंनी सगळे बंद करायला लावले. वर माझा हात धरून बोटं उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, नाडी बघतात. पण मोठ्या पाव्याची भोकं लांब लांब असतात, त्यांना बांबू बांधून राठ झालेली माझी बोटं पुरतील असा त्यांचा हिशेब होता. ज्याच्या भोंग्यांना अख्खा तालुका कावला होता, तो मी शेजारणीलाही ऐकू जाणार नाही असं काहीतरी वाजवायला लागलो. आमच्या सौ.ने तर देवापुढे साखर ठेवली.

उरलेले दोन पावे अंगणवाडीच्या शीलाताईंकडे आणि घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणाऱ्या नामाभाऊंकडे. चाल सिस्टरांच्या पाव्यावर. आम्हा तिघांना खालून आपापल्या वेगळ्या वाटेनं जायचं. इथेच सगळं घोडं पेंड खायचं. आम्ही भजनात वाढलेली माणसं. एकानं चाल धरली की सगळ्यांनी ती उचलायची, हे हाडात मुरलेलं. दोन ओळी नीट जायच्या, मग सिस्टरांचा सूर असा काही गोड वळायचा की आधी नामाभाऊ, मग शीलाताई आणि शेवटी मीही त्यांच्या मागे धावायचो. सिस्टर वाजवणं थांबवून नामाभाऊंना म्हणायच्या, “बाजारातली सगळी गिऱ्हाइकं एकाच बैलामागे लागली, तर तुमचा धंदा होईल का? माझ्या मागे येऊ नका.” आम्ही माना डोलवायचो आणि पुन्हा त्यांच्या मागे जायचो.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि बंगळूरचा मुलगा न्यायला मागे लागला. सिस्टर म्हणाल्या, येईन; पण एकदा एक गाणं चारही वाटांनी शेवटपर्यंत जाऊ दे. नाताळात ते साधलं की निघते, तोवर मी हलत नाही.

त्या पाणी आणायला आत गेल्या, तसे नामाभाऊ हळूच म्हणाले, “मंग चुकतच ऱ्हाऊ की. नीट वाजलंच न्हाई, तर जातील कशा?”

आम्हाला ते एकदम पटलं. पुढच्या तालमीला आम्ही मनसोक्त चुकलो. सिस्टरांनी पावा खाली ठेवला. “खरंच चुकता तेव्हा तिघंही घाबरून माझ्याकडे बघता. आज एकानेही बघितलं नाही,” त्या म्हणाल्या. मग पावा पुन्हा काखेत धरत, “मला खोटं वाजवून ठेवून घेऊ नका रे.” त्यांनी आम्हाला ‘रे’ म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. शीलाताईंचे डोळे भरले. त्या दिवसापासून आम्ही मन लावून बसलो.

नाताळच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्या ओळी छान गेल्या. आणि ते गोड वळण आलं, तेव्हा सिस्टरांनी पावा ओठांवरून काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, दम संपला बाईंचा. पण बघतो तर डोळे मिटून, मान हलवत ऐकत होत्या. मागे धावायला चालच उरली नाही म्हणा किंवा काही म्हणा, आम्ही तिघं तीन वाटांनी जात राहिलो. कोणी कोणाची वाट सोडली नाही. शेवटच्या ओळीला त्यांनी पावा उचलला, वरून अलगद आत आल्या आणि चौघं मिळून थांबलो. असला आनंद मला धंद्यात कधी झाला नाही.

मध्येच का थांबलात, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “इतकी वर्षं मी वरच होते. खाली तुम्ही काय वाजवता ते कधी ऐकलंच नव्हतं. फार गोड आहे हो.” आणि बोलल्याप्रमाणे नव्या वर्षात मुलाकडे गेल्या.

आता रविवारी आम्ही मोबाईल स्टुलावर उभा करतो आणि सिस्टर बंगळूरहून वाजवतात. आमच्याकडचं नेटवर्क तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांची चाल नेहमी थोडी मागून येते. आम्ही तिच्यासाठी थांबत नाही, आपापल्या वाटेनं पुढे जातो. शेवटचा सूर मात्र तिघंही, त्या येऊन पोचेपर्यंत सोडत नाही.