भिंतीवरचा काळोख

‘आईचा कसला, तो डाग बाबांच्याच डोक्याच्या तेलाचा आहे,’ असे माझी मुलगी घरी येईल त्याला सांगते. मला हे मुळीच मान्य नाही.

उतारवयात मी जलरंग शिकतो आहे. समोरच्या वस्तूचा मोबाइलवर फोटो घेऊन त्यातले रंग घालवले, की उजेड आणि सावली निखळ कळते. परवा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीचा असा फोटो घेतला, तेव्हा मागच्या पिवळ्या भिंतीवर एक गोल, मंद काळोख उमटला. त्या खुर्चीत माझी ठेंगणी पत्नी भिंतीला डोके टेकून बसायची. तिला जाऊन तीन वर्षे झाली. डोळा रंगावर भाळतो आणि सवयीचे झाले ते पाहणे सोडून देतो. यंत्राला सवय लागत नाही.

तो काळोख मी चित्रात घेतला. मुलीने भिंतीवर हात फिरवला आणि ती म्हणाली, ‘तेलच मुरलंय. पण आता तिथे तुम्हीच तर बसता, बाबा!’

मी त्या खुर्चीत ताठ बसलो, डोके भिंतीला टेकले आणि तिला बाजूने फोटो काढायला लावला. डाग माझ्या मानेच्याही खाली होता.